दारासकट आडवा

आबा, गावात कमान होणार आहे. चाकणहून येताना आपल्या गावाचा फाटा लागतो ना, तिथंच, जिथं पूर्वी कांद्याच्या गाड्या उभ्या राहायच्या. सिमेंटची कमान, वर तिरंगा, आणि दोन्ही खांबांवर गावातून फौजेत गेलेल्यांची नावं. तुमचं नाव डावीकडे, वरून दुसरं. या सगळ्या उठाठेवीत पुढं कोण, तर तुमच्या धाकट्याचा मुलगा, तुमचा नातू. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगतही नव्हता. आता चाकणला गाड्यांच्या कंपनीत सुपरवायझर आहे, पांढरे कडक कपडे घालून रविवारी गावात फिरतो आणि सगळे त्याला भाऊ म्हणतात. तुमच्या नावाखाली तो लिहिणार आहे, 'चीन युद्धातील वीर जवान'. हे ऐकलं आणि मी कपाळाला हात लावला. आबा, चिनी माणूस तुम्ही आयुष्यात एकच पाहिलात, पुण्याच्या कॅम्पात दवाखाना थाटून बसलेला दातांचा डॉक्टर, आणि त्याच्या खुर्चीत बसल्यावर तुमची काय अवस्था झाली होती ते आईनं जन्मभर सांगितलं. बासष्टच्या त्या लढाईच्या वेळी तुमची पलटण पूर्वेकडच्या डोंगरात होती हे खरं. पण चिन्यांसमोर नव्हती. तुम्ही होता आपल्याच देशातल्या डोंगरी लोकांवर पहाऱ्याला. हे मला ठाऊक आहे, कारण तुम्हीच सांगितलंय. एकदा नाही, शंभरदा सांगितलंय, आणि आम्ही पोट धरधरून हसलोय.

नातू मला म्हणाला, "आत्या, आजोबांचा एक चांगला फोटो दे, वर्दीतला. आणि एखादा किस्सा सांग ना. उद्घाटनाला मला बोलायचंय." फोटो आहे माझ्याकडे. किस्साही आहे. पण एकच आहे आबा, दुसरा नाहीच. एवढी वर्षं फौजेत काढून तुम्ही घरी आणलात तो एकच किस्सा, आणि म्हणून आज तुम्हाला हे लिहायला बसलेय.

तुम्ही फौज सोडून आलात आणि पिंपरीच्या कंपनीत गेटवर हवालदार म्हणून लागलात, तेव्हा आपण त्या पत्र्याच्या चाळीत राहायला आलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शहाबादी फरशी, मागं आईचा स्टोव्ह. महिन्यातून एखाद्या रविवारी मटण व्हायचं आणि तुमच्या गेटवरचे दोघंतिघं जेवायला यायचे. मला अजून दिसतंय. जेवणं उरकलीत, तुम्ही सुपारी कातरताय, कुणीतरी म्हणतं, "हवालदार, व्हऊन जाऊ द्या की दाराचं!" तुम्ही नको नको म्हणता. मग एकदम त्या पाहुण्याकडे वळून म्हणता, "जरा उठा पाव्हणं." त्याच्या बुडाखालचा पाट तुम्हाला हवा असतो. पाट तुमच्या हातात आला की आम्ही पोरं सरसावून बसतो, आई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहते, हाताला पीठ तसंच.

तुम्ही सांगायला लागता. "वर डोंगरात हुकूम आला. टेकडीटेकडीवरची गावं खाली आणायची. आणून एका जागी कुंपणात घालायची, म्हंजी बंड करून जंगलात गेल्याल्या पोरान्ला दाणागोटा मिळायला नगं. आन् मागं काय ठेवायचं न्हाई." मागं काही ठेवायचं नाही, म्हणजे घरं आवरून, झाडून निघायचं, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. घरं पेटवून निघायचं असं ते होतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि तुम्हीही ते वाक्य इतकं पटकन म्हणून टाकायचात की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटायचंच नाही. मग तुमचा आवाज बदलायचा. "समदी आली. कुणी कोंबडी घिऊन आलं, कुणी पोर घिऊन आलं. एक म्हातारा काय घिऊन आला असंल?" आम्ही सगळे ओरडायचो, "दाऽर!" तो म्हातारा आपल्या घराचं दार घेऊन आला होता. एका अखंड फळीचं, जाड, पाठीवर बांधून, डोंगर उतरून. घर गेलं होतं, दार तेवढं राहिलं होतं.

इथून पुढं तुम्ही दोघंही व्हायचात, म्हातारा तुम्हीच आणि सुभेदारही तुम्हीच. तुम्ही ओठ आत ओढून, पाठीत वाकून, पाट पुढ्यात उभा धरायचात. सुभेदार ऐटीत चालत यायचा. मोकळं मैदान, ना भिंत ना छप्पर, मधोमध एक म्हातारा दार धरून उभा. सुभेदार दारावर बोटं वाजवायचा, टकटक. म्हातारा बिचारा दार बाजूला करायचा आणि कमरेत वाकून हात जोडायचा. सारी पलटण हसायची. झालं, मग तो रोजचाच खेळ झाला म्हणायचात. सकाळी सगळ्यांची मोजणी झाली की म्हाताऱ्याला मधे घ्यायचा, आणि ज्याला वाटेल त्यानं जाऊन दार वाजवायचं. रजेवरून आलेला गडी बॅग खाली ठेवायच्या आत विचारायचा, "दारवाला हाय का अजून?" तुम्हीही वाजवलं होतं. पाटावर टकटक करताना ते तुमच्या बोटांना चांगलं माहीत होतं.

आणि शेवट. एके सकाळी मोजणीत म्हाताऱ्याचा नातू भरला नाही. पळाला जंगलात. सुभेदार म्हणाला, तुझं दार उघडं राहिलं म्हणून पोरगा गेला, आता पोरगा येईस्तोवर दार लावून उभा राहा. "ऊन झालं, म्हातारा दार धरून. सर आली, म्हातारा दार धरून. येनारा-जानारा टकटक करतोय, ह्ये उघडतंय, वाकतंय, पुन्यांदा लावतंय!" मग दुपारनंतर त्याचे पाय लटलटायला लागतात, आणि इथं तुम्ही उठून ते पाय करून दाखवायचात. काय करायचात आबा! गुडघे एकमेकांवर आपटत, हातातला पाट डुगडुगत, डोळे पांढरे. गेटवरचे ते धिप्पाड गडी डोळे पुसायचे. आई पदर तोंडात कोंबायची. मला तर शेवट यायच्या आधीच हसू फुटायचं, कारण मला ठाऊक असायचं की आता तुम्ही क्षणभर थांबणार, सगळ्यांकडे एकदा बघणार, आणि पाट फरशीवर धाडकन आपटून म्हणणार, "आन् मंग... दारासकट आडवा!"

फळीवरची भांडी खणखणायची. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप यायची, "हवालदार, झोपू द्या की, शिफ्ट हाय!" त्यानं तर आणखीच हसू यायचं. चाळीतली पोरं आम्ही पुढं कितीतरी दिवस दार-दार खेळायचो. पाट घेऊन एकानं उभं राहायचं, बाकीच्यांनी टकटक करून पळायचं, आणि ज्याचे पाय आधी थकतील तो आडवा. मला म्हातारा फार छान यायचा. तुमच्यावर गेलेय असं आई कौतुकानं सांगायची.

मग मी मॅट्रिक झाले आणि पिंपरीतल्याच एका कंपनीत पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी तुम्ही मला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलंत आणि म्हणालात, "टायमाला चुकायचं न्हाई." त्या दिवशी मला तुमच्याएवढं मोठं जगात कुणी वाटलं नाही. तुम्ही गेटवर कसे वागता हेही कानावर यायचंच. झडतीत कुणाच्या डब्यात दोन नटबोल्ट सापडले तर तुम्ही वर न कळवता काढून घ्यायचात आणि म्हणायचात, जा घरी, पुन्हा दिसू नये. बस स्टॉपवर अनोळखी कामगार मला विचारायचे, तू हवालदारांची मुलगी ना? देवमाणूस आहेत. देवमाणूस! आता तो शब्द आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत आहे.

पॅकिंगला आम्ही सगळ्या बाया. त्यात एक वयानं मोठी, मराठवाड्याकडून आलेली, तिचा नवरा कॅम्पात स्कूटर दुरुस्त करायचा. तिला आम्ही आपा म्हणायचो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत थट्टामस्करी चालली होती, जी ती आपापल्या सासऱ्याची नक्कल करत होती, आणि मला चेव आला. मी म्हटलं, ही तर काहीच नाही, थांबा. खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला आणि तुमचा किस्सा सुरू केला. तसाच, तुमच्यासारखा, ओठ आत घेऊन. टकटक. वाकणं. लटलटते पाय. दोघीतिघी हसत होत्या. मी थांबले, सगळ्यांकडे बघितलं आणि पुठ्ठा आपटला. दारासकट आडवा! हसण्याची लाट यायला हवी होती, ती आली नाही. आपा भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"मंग?" ती म्हणाली.

"मग काय? संपलं."

"उठला का त्यो?"

मला प्रश्नच कळेना. कोण उठला का?

"म्हातारं मानूस गं ते. दिसभर उभं केल्यालं. वरून दार पडलं. मंग उठला का न्हाई?"

मी खरंच आठवायला लागले आबा. आठवून बघितलं की तुम्ही पुढं काय सांगायचात. पुढं काहीच नव्हतं. पुढं हसणं होतं. मी म्हटलं, "आबांना विचारते." आपा म्हणाली, "इचार. आन् नातवाचं बी इचार." तिनं डबा झाकला. अर्धी भाकरी तशीच होती. संध्याकाळी गेटबाहेर पडताना ती माझ्याबरोबर चालत होती, तेव्हा आपणहून म्हणाली, "मी पोर होते तवा आमच्या गावात फौज आली व्हती. माझ्या बापाला चावडीपुढं उभं केलं. बघनारी हसत व्हती, त्येच ध्यानात ऱ्हायलं बघ." कुणाची फौज हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. बस आली आणि ती चढून गेली.

तो रविवार तुम्हाला आठवत असणार. मटण होतं. गेटवरचे तिघं होते. "जरा उठा पाव्हणं," म्हणून तुम्ही पाट घेतलात. मी उंबऱ्यात आईच्या शेजारी उभी होते, आणि पहिल्यांदाच मला तुमच्या तोंडाऐवजी म्हाताऱ्याचं तोंड दिसत होतं. पाट आपटला. भांडी वाजली. सगळे हसले. आणि त्या हसण्यातच मी विचारलं, "मग उठला का तो, आबा?"

त्यांना वाटलं मी किस्स्यात भर घालतेय. एक जण मांडीवर थाप मारत म्हणाला, "व्हय राव हवालदार, उठला का फुडं?" तुम्ही मान वर केली. तुमचे ओठ अजून आतच होते, म्हाताऱ्यासारखे. ते तुम्ही हळूहळू बाहेर आणलेत. मग म्हणालात, "पान खानार का कुनी?" आणि पाट भिंतीला टेकवून ठेवलात. पाहुणे गेल्यावर जो काही तोंडाचा पट्टा सुटला! "चार मान्सांत बापाला सवाल करतीस? कंपनीत गेली म्हंजी लई शानी झाली व्हय? मला कोर्टात हुबं करतीस?" मी म्हटलं, मी एवढंच विचारलं, उठला का. तुम्ही हात उगारलात. मारला नाहीत. आई मधे आली आणि मलाच म्हणाली, "गप बस की गं. लोकं हसत्यात, त्यान्ला बरं वाटतं, तुझं काय जातंय?" माझं काय जातंय हे तेव्हा मला सांगता आलं नाही. आई, तिला तरी काय म्हणू, ती तर जन्मभर पदर तोंडात कोंबूनच हसली.

त्यानंतर तुम्ही तो किस्सा कधी सांगितला नाहीत. आणि घरात नवंच सुरू झालं. दार वाजवलेलं तुम्हाला चालेना. कुणी कडी वाजवली की तुम्ही आतून ओरडायचात, "हाक मारा की! तोंड न्हाई का?" दूधवाला, पोस्टमन, शेजारची पोरं, सगळ्यांना तुम्ही शिकवलंत. पुढं पुढं तर उजाडल्यापासून झोपेपर्यंत दार सताड उघडंच. थंडीत आई कुडकुडायची आणि तुम्हाला लाखोली वाहायची, चाळीतल्या बाया म्हणायच्या, हवालदारांचं घर कसं मोकळं, कधीही या. मी तुमच्याकडे बघत असायचे. मला समजत होतं, आबा. आणि मला राग येत होता. त्या म्हाताऱ्याची भरपाई काय, तर आमच्या घरात वारं! एक वाक्य बोलला असतात तर पुरलं असतं. मेला म्हणाला असतात तरी चाललं असतं. वाईट झालं, एवढं म्हणाला असतात तर मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं.

शेवटी पिंपरीच्या दवाखान्यात तुम्ही महिनाभर पडून होतात. माझं लग्न होऊन मी थेरगावला राहत होते, शिफ्ट सुटली की तुमच्याकडे यायचे. त्या दुपारी वॉर्डात गडबड नव्हती, तुम्ही सावध होता, मी मोसंबी सोलत होते. मी पुन्हा विचारलं. या वेळी एकटीनं, हळू आवाजात, प्रेमानंही विचारलं.  तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "माजी ड्यूटी संपली व्हती." मी म्हटलं, म्हणजे? "चारला बदलीचा गडी आला. मी चार्ज दिला आन् आलो." आणि पलीकडे तोंड केलंत.

एवढंच. मी कंपनीत काम करणारी बाई, मला या वाक्याचा अर्थ शिकवायला नको. शिफ्ट सुटली की मशीन कुठं बिघडलं ते पुढच्यानं बघायचं, आपण हात धुवायचे आणि बस धरायची. पण आबा, तिथं मशीन नव्हतं. तो पडला तेव्हा तुम्ही तिथं होता, नाहीतर तो कसा पडला हे तुम्हाला करून दाखवता आलं नसतं. ते पाय तुम्ही बघितले होते. दार पडल्याचा आवाज तुम्ही ऐकला होता. मग चार वाजले, आणि तुम्ही त्याच्या अंगावरून, की बाजूनं, कसे गेलात ते मला माहीत नाही. दार उचललंत का, एवढंही मला माहीत नाही. आठवड्याभरानं तुम्ही गेलात. गेटवरचे सगळे आले होते. देवमाणूस गेला म्हणून ते रडत होते, आणि मीही रडले, खोटं का सांगू.

आता ही कमान. मी ठरवलं होतं की फोटो द्यायचा, नाव लागू द्यायचं, फौजेत तर होताच तुम्ही. पण तोंडातून अक्षर काढायचं नाही. नातवाला म्हटलं, किस्सा वगैरे मला काही आठवत नाही बाबा. तर काल त्याचा फोन. आनंदानं फुललेला. "आत्या, काळजी करू नको, किस्सा मिळाला! पप्पा सांगायचे बघ लहानपणी, आजोबांचा, दाराचा. एक नंबर आहे. मी चक्क प्लायवूडचं दार करून घेतलंय स्टेजवर. लोक पडून पडून हसतील." धाकट्यानं आपल्या पोराला तो दिला होता, आबा. मी विचारलेला प्रश्न वगळून, नीट, जसाच्या तसा. एका माणसाचं मरण आपल्या घरात तीन पिढ्या चालत आलंय आणि अजून कुणाचा हात भाजला नाही.

मी म्हटलं, "तो सांगायचा नाही. ऐक माझं. तो हसण्याचा किस्सा नाहीये. त्या म्हाताऱ्याचं घर पेटवलं होतं, त्याला दिवसभर उभं केलं होतं, तो बहुतेक मेला." इतकी वर्षं हे कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं.   तो म्हणाला, "काय आत्या, तूपण! गंमत आहे गं ती. थांब, ऐक, मी कसा करतो ते ऐक, मग सांग." आणि त्यानं फोनवरच सुरू केलं. गेटवरच्या लोकांच्या बोलण्यासारखं, तुमच्यासारखं, हुबेहूब. ऊन झालं, म्हातारा दार धरून. सर आली, म्हातारा दार धरून. मी म्हणत होते, पुरे, बंद कर. तो ऐकत नव्हता. टेबलावर बोटं वाजवत होता. मग तो थांबला. नेमका तिथं, तेवढाच, आणि त्याला कुणी ते शिकवलेलंही नसणार. माझा श्वास वर अडकला, पिठाच्या हातानं आई उंबऱ्यात उभी असायची तेव्हा अडकायचा तसाच.

"आन् मंग..." तो म्हणाला.

शेवट त्यानं सांगितलाच नाही, आबा. त्याच्या आधीच मला हसू फुटलं. मोठ्यानं, लहानपणी फुटायचं तसं. मी तोंडावर हात दाबला तरी ते थांबेना.

"बघ," तो खूश होऊन म्हणाला, "तूपण हसलीसच ना!" आणि त्यानं फोन ठेवला. रविवारी कार्यक्रम आहे.